राहण्याची सोय: उत्तम

मला सारवता येत होतं म्हणून मला या शहरात घर मिळालं. हे मी नातीला सांगितलं तेव्हा ती हसली. ती पुनावळ्यात अठराव्या मजल्यावर राहते, आणि ते घर घेताना तिनं आणि तिच्या नवऱ्यानं एवढ्या कागदांवर सह्या केल्या की शेवटी हात दुखायला लागला म्हणे. माझ्याकडं कोणी सही मागितली नाही. मी गुडघे टेकून हातभर जमीन सारवून दाखवली आणि काम झालं.

तेव्हा हे शहरही नव्हतं म्हणा. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरी, कासारवाडी, चिंचवड ही वेगवेगळी गावं होती, मधे ज्वारीची शेतं होती, आणि त्या शेतांच्या कडेला एक नवा कारखाना उभा राहत होता. कारखान्याचं नाव मी सांगणार नाही, आणि या हकिगतीतल्या माणसांचीही नाही. बरीच जणं आता नाहीत, आणि जी आहेत ती "मी असं बोललोच नव्हतो" म्हणून भांडायला येतील.

आम्ही बार्शीकडचे. आमच्या ह्यांना कारखान्यात फिटर म्हणून नोकरी लागली आणि दोन महिन्यांनी मी आले. बार्शीची छोटी गाडी, कुर्डुवाडीला बदल, पुण्याला बदल, मग पिंपरी स्टेशन. डोक्यावर ट्रंक घेऊन हे पुढं आणि बोचकं घेऊन मी मागं. चालता चालता मी विचारलं, "अहो, घर कुठं आहे?"

हे म्हणाले, "बघू या."

त्या 'बघू या'वरून मी ओळखायला हवं होतं. घर नव्हतंच. दोन महिने हे कासारवाडीच्या मारुतीच्या देवळात, ओवरीत झोपत होते, आणखी सहा-सात कामगारांबरोबर. खोल्या भाड्यानं द्यायची रीतच या गावांत नव्हती. घरं होती ती राहत्या कुटुंबांची, आणि नोकरीसाठी आलेली माणसं होती गावातल्या माणसांएवढी. मला पत्रात लिहिलं होतं, "जागेची व्यवस्था झाली आहे, हवेशीर आहे." ओवरीला तीनच भिंती, हवेशीर असणारच. मी इतकी चिडले की त्या दिवशी ह्यांच्याशी फक्त मारुतीच्या मार्फत बोलले. "देवा, यांना सांग, पाणी संपलंय."

बायकामाणूस आलं म्हणून बाकीच्या कामगारांनी ओवरीचा एक कोपरा आमच्यासाठी सोडला. अकरा दिवस मी तिथं संसार केला. तीन दगडांची चूल मांडली, रोज सकाळी कोपरा झाडला, आणि आपलं घर असल्यासारखी पुढं रांगोळी काढली. गुरव म्हणाला, "ताई, देवाच्या दारात मी काढतो की." मी म्हटलं, "ती देवाची. ही माझी."

शनिवारी देवाला तेल घालायला आलेल्या एका बाईनं ती रांगोळी पाहिली. चाळिशीची, उंच, नऊवारीचा काष्टा घट्ट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गावात सगळे तिला आक्का म्हणत, पुढं मीही म्हणू लागले. तिनं रांगोळी पाहिली, चूल पाहिली, मग मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"कुणाची गं तू?"

मी सांगितलं.

"देवळात ऱ्हातीस व्हय? उद्या सकाळच्याला माझ्याकडं ये. वड्याच्या कडंचं शेवटचं घर."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. आक्काच्या घरामागं मोठा गोठा होता. अर्ध्यात बैलजोडी आणि एक म्हैस, अर्ध्यात कडबा रचलेला. तो कडबा हलवून ती अर्धी बाजू मोकळी केलेली होती. माझ्याकडं बघून तिनं शेणाची पाटी पुढं सरकवली.

"सारवता येतं का?"

"येतं."

"तोंडानं सगळ्यांनाच येतं. हतं दाव बरं सारवून. मी म्हशीला पानी दावून येते."

ती गेली. मी पदर खोचला, शेण कालवलं आणि दाराशी हातभर जागा सारवली. मी डावखुरी आहे. आईनं लहानपणी सुधारायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण हातानं काही ऐकलं नाही. उजव्या हाताच्या बायकांच्या सारवणाच्या कमानी एका अंगाला वळतात, माझ्या दुसऱ्या अंगाला.

आक्का परत आली, वाकून बघितलं, बोटानं दाबून बघितलं.

"डावरी हायस व्हय गं? उलटं सारवतीस."

मला वाटलं, गेली जागा. पण ती म्हणाली, "हात चांगला हाय पर. कुठं ढेकूळ न्हाई, कुठं भेग न्हाई. ह्या जागंला माझ्या सासूनं लई जपलंय, मीबी जपलंय. गबाळीला द्याची न्हवती मला. आना सामान." भाड्याचं बोलणं नंतर झालं, तेही चालता चालता.

गोठ्यात राहायला लागले असं मी माहेरी लिहिलं नाही. ह्यांच्याकडून शिकले होते, 'हवेशीर' असं लिहिलं. पण खरं सांगू का, मला तिथं फार बरं वाटायचं. आमच्या बाजूला गुरांची जुनी गव्हाण तशीच होती, भिंतीच्या लांबीची, मातीची, कमरेएवढ्या उंचीची. ती काढायची तर आक्काचा जीव तुटला असता. मग मी ती सारवून घेतली, कडेला चुन्याची रेघ ओढली आणि त्यात डबे, तांब्या, ताटं, वाट्या ओळीनं मांडल्या. एवढी ऐसपैस मांडणी माझ्या आईच्या स्वयंपाकघरातही नव्हती. पलीकडं कुडाची भिंत आणि तिच्यामागं म्हैस. जेवायला बसलं की ती फुरफुरायची. हे म्हणायचे, "वाढ तिलाही."

पिंपरीला फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांचा कॅम्प होता. तिथली एक बाई पापड विकत आमच्याकडं यायची. तिच्या बराकीत एका लांबच लांब खोलीत पाच कुटुंबं राहत होती, मधे फक्त चादरी. तिनं माझी जागा बघितली आणि म्हणाली, "बहू, तेरे पास तो इतनी जगह आहे! एक साडी बांध. साडी के इधर रसोई, उधर कमरा. झालं दोन खोली." तिच्या बोलण्यात मराठी अशी मधेमधे यायची, पापडातल्या मिऱ्यासारखी. मी जुनी हिरवी साडी दोरीवर टाकली आणि खरोखरच माझ्या दोन खोल्या झाल्या. पाहुणे आले की मी म्हणायची, "आतल्या खोलीत बसा."

एका कोपऱ्यात गळायचं, एवढाच एक दोष. तिथं पावसाळाभर पातेलं ठेवलेलं असे.

त्या श्रावणात मला दिवस असल्याचं कळलं, आणि त्याच महिन्यात कारखान्यानं कामगारांसाठी क्वार्टर बांधायला घेतल्या. दोन खोल्या, नळ, विजेचा दिवा. माहेरी पत्र गेलं, दोन्ही बातम्या एकदमच. वडिलांचं उत्तर आलं. तोवर त्यांना कोणीतरी गोठ्याचं सांगितलं होतं. लिहिलं होतं, "बाळंतपणाला ये. पण पक्कं घर मिळाल्याशिवाय मूल घेऊन परत जायचं नाही. माझं नातवंड गुरांत वाढणार नाही." माझे वडील एकदा बोलले की संपलं. मी तशीच त्यांच्यावर गेले आहे. म्हणजे क्वार्टर मिळाली तर मी बाळाला घेऊन येणार, नाही तर हे इथं म्हशीशेजारी आणि मी तिकडं माहेरी, किती दिवस ते देवालाच ठाऊक. मला रडूच आलं. नवरा कितीही 'बघू या' म्हणणारा असला तरी मला तो जवळ हवा होता.

ह्यांनी अर्ज केला. नवरात्राच्या आधी एके दिवशी घरी येऊन म्हणाले, "परवा क्वार्टरचे कारकून येणार आहेत. कोण कसं राहतं ते बघून यादी करणार."

आता सांगते ती चूक माझी एकटीची नव्हती, आम्हा तिघांची होती. मला घर कसं मिळालं होतं? हात बघून. आक्कानं जागा दिली ती नीट राखणाऱ्या बाईला. मग कारखाना आपली कोरी करकरीत क्वार्टर कुणाला देईल? गबाळ्याला? मी ह्यांना म्हटलं, "आपली राहणी अशी दिसली पाहिजे की साहेब म्हणाला पाहिजे, यांच्या हातात घर दिलं तर सोनं होईल." ह्यांनाही ते पटलं. आक्काला तर पटलंच.

दोन दिवस आम्ही जीव काढला. भिंतींना चुना दिला, चुन्यात थोडी नीळ घातली, त्यामुळं भिंती निळसर पांढऱ्या झाल्या. सगळी जमीन सारवली. आक्कानं स्वतःची पितळी घागर, तांब्याचा हंडा आणि लग्नातली समई आणून गव्हाणीत मांडली. "माझ्या भाडेकरूचं घर हाय, कुनी नाव ठिवायला नगं." साडीचा पडदा धुऊन, कांजी करून लावला. म्हशीलासुद्धा आंघोळ घातली. आणि कोपऱ्यातलं गळतीचं पातेलं मी उचलून आत लपवलं.

कारकून आले ते एकटेच, सायकलवरून. तिशीचे, बारीक, टोपी, धोतर, कोटाच्या कोपराला ठिगळ. पुण्याचं स्वच्छ बोलणं. मी शेंगांची पोळी केली होती, आमच्या बार्शीची, वर तूप. आधी नको नको म्हणाले, मग दोन खाल्ल्या. खाताना सगळीकडं बघत होते. मग वहीत लिहायला लागले.

"जागा पुरते का?"

"भरपूर पुरते. दोन खोल्या आहेत."

"पावसात गळतं का?"

"एक थेंब नाही!" मी म्हटलं.

"गुरांचा त्रास?"

दारातून आक्का बोलली, "तरास? सायेब, माझी म्हैस मानसापरीस गरीब हाय. आन् ह्या वाड्यात भाडेकरूला काय कमी हाय ते इचारा की. हिरीचं पानी हाय, वारा हाय. पुन्याला असली जागा घावायची न्हाई!" तोपर्यंत मला त्या गोठ्याला वाडा म्हणतात हे माहीत नव्हतं.

कारकुनांनी मान वर करून वासे मोजले, जमिनीची लांबीरुंदी पावलांनी मोजली. गव्हाणीपाशी थांबले आणि तिच्या चुन्याच्या कडेवरून हळूच बोट फिरवलं. कामाला लागेल त्याहून पुष्कळ जास्त वेळ ते आमच्याकडं बसले. जाताना म्हणाले, "बाई, फार छान ठेवलं आहे हो घर." आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. क्वार्टर मिळालीच.

आठवड्यानं यादी लागली. हे कामावरून आले आणि पायही न धुता ट्रंकेवर बसले. आमचं नाव नव्हतं. ओळखीच्या एकानं ऑफिसात डोकावून आमच्या अर्जावरचा शेरा वाचला होता: 'राहण्याची सोय: उत्तम.' ज्यांची सोय वाईट त्यांना आधी क्वार्टर, असा नियम होता. तो आम्हाला कोणी सांगितला नव्हता, आणि विचारण्याची अक्कल आम्हालाही झाली नव्हती.

मी संतापले. माझ्या हातच्या दोन पोळ्या खाऊन त्या माणसानं खाल्ल्या घरचे वासे मोजले, आणि खरोखरच मोजले! आक्का तर सायकल अडवायला निघाली होती. फक्त हे हसायला लागले. आधी हळू, मग मोठ्यानं. "अगं, पातेलं तरी कशाला उचललंस?" मीही रडता रडता हसले. पण मार्गशीर्षात ओटी भरून माहेरी निघाले तेव्हा स्टेशनावर हे काही बोलले नाहीत, आणि मीही मारुतीला मधे घातलं नाही.

मुलगी झाली. तिला दोन महिने झाले, तीन झाले. ह्यांची पत्रं यायची. म्हैस व्यायली, आक्कानं खरवस दिला, गव्हाणीतले डबे पुसून ठेवले आहेत. हे कधी 'ये' असं लिहायचे नाहीत, त्याचाच मला राग यायचा. अक्षय तृतीयेला मी वडिलांना म्हटलं, "मी निघाले."

"घर मिळालं का?"

"माझं घर आहेच," मी म्हटलं. "तुम्ही पाहिलेलं नाही म्हणून तुम्हाला ठाऊक नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना उलटं बोलले. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्टेशनावर पोचवायला आले आणि गाडी सुटताना म्हणाले, "पावसाळ्याआधी बघा काहीतरी." एवढं वडिलांच्या तोंडून आलं म्हणजे पुष्कळ झालं.

आक्कानं बाळाची दृष्ट काढली आणि त्या दिवसापासून आंघोळीचा ताबा घेतला. तिच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या, त्यामुळं तिचे हात शिवशिवत होतेच. चाकणच्या बाजारातून तिच्या भावानं आणलेल्या कांद्याच्या गोणपाटात गवत भरून तिनं बाळाला गादी केली, वर मऊ लुगडं. महिनाभर माझ्या लेकीला कांद्याचा वास येत होता. पण पाऊस लागला आणि गळतीचे कोपरे एकाचे दोन झाले. एका पातेल्याची दोन झाली. बाळाचा पाळणा मी दिवसातून तीनदा इकडून तिकडं हलवायची. दर वेळी वडिलांचं ते 'पावसाळ्याआधी' आठवायचं.

भाद्रपदात दुसऱ्या यादीची पाहणी आली. आक्का म्हणाली, "ह्या टायमाला माझ्यावर सोड. तू फकस्त हात लावू नगंस कशाला."

तिनं पडदा काढला. हंडे-घागरी घेऊन गेली. गव्हाण रिकामी केली आणि तिच्यात कडबा टाकला. म्हशीचं रेडकू आमच्या बाजूला आणून बांधलं. कांद्याची पोती दारात रचली. आणि मला चार दिवस केर काढायला बंदी केली. ते चार दिवस मला बाळंतपणाहून जड गेले. हात नुसते वळवळत होते. चौथ्या दिवशी सकाळी मला राहवलं नाही, आणि पाळण्याखालची तेवढी जागा मी सारवून घेतली.

आले तेच कारकून. कोटाचं ठिगळ सुटलं होतं. दारात उभे राहून त्यांनी आत बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आम्हाला वाटलं, नाटक ओळखलं.

"गव्हाणीतली मांडणी मोडलीत?" त्यांनी विचारलं.

आक्का म्हणाली, "लेकरू झाल्यावं कुठली मांडनी नि बिंडनी, सायेब."

ते पुढं आले. पातेल्यात थेंब पडत होते, ते त्यांनी बघितलं. छपराकडं बघितलं. पाळण्याखालची सारवलेली जागा बघितली.

"एवढीच स्वच्छ कशी?"

"तिथं बाळ झोपतं," मी म्हटलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते नाटक नव्हतं. गळतीही नाटक नव्हती, आणि ती गेल्या वर्षी लपवली होती याची मला आता लाज वाटत होती. कारकुनांनी वहीत काहीतरी लिहिलं. चहा नको म्हणाले, पाणीही नको म्हणाले, आणि गेले.

यादी लागली. आमचं नाव पहिल्याच ओळीत होतं.

दसऱ्याला जायचं ठरलं. आदल्या दिवशी मी पुन्हा सगळं पहिल्यासारखं केलं. कडबा काढला, गव्हाण सारवली, चुन्याची रेघ ओढली. आक्का म्हणाली, "निगालीस तर कशाला करतीस?" मी म्हटलं, "घेतलं होतं तसं परत देते." ती म्हशीकडं गेली आणि उगाचच तिला ओरडली.

सकाळी आक्काच्या मालकांनी बैलगाडी जुंपली. ट्रंक चढली, पाळणा चढला. तेवढ्यात वड्याच्या बाजूनं सायकल हातात धरून कारकून येताना दिसले. मागून एक बाई येत होती, डोक्यावरून पदर, काखेत बोचकं, गोरीपान आणि घाबरलेली. सायकलला ट्रंक बांधली होती.

मला वाटलं, यादीत काही घोळ झाला. मी बाळाला घट्ट धरलं. ह्यांचाही चेहरा पडला.

कारकून ह्यांच्याकडं न बघता आक्काकडं बघत म्हणाले, "ही जागा रिकामी होते आहे ना? कुणाला कबूल केली आहे का?"

आक्कानं मानेनंच नाही म्हटलं.

"ही माझी मंडळी," ते म्हणाले. "मी हंगामी नोकर आहे. माझं नाव यादीत बसत नाही. दोन वर्षं मी ऑफिसातच टेबलं जोडून झोपतो. ही हिच्या भावाकडं, सदाशिव पेठेत." मग माझ्याकडं वळले. "बाई, गेल्या वर्षी मी खोटं लिहिलं नव्हतं हो. त्या आठवड्यात मी तीस-चाळीस ठिकाणं पाहिली होती. माणसं कुठं कुठं राहत होती. तुमच्याकडं आलो, आणि मला वाटलं, आपल्याला एवढं मिळालं तरी पुरे. म्हणून उत्तम लिहिलं. नंतर तुम्ही माहेरी गेल्याचं कळलं. तेव्हापासून मला या रस्त्यानं यायची हिंमत झाली नाही."

वर्षभर मी या माणसाला मनात काय काय बोलले होते, ते सगळं मला आठवलं. नियम त्यांच्या हातात, वही त्यांच्या हातात, सगळ्या गावाला घरं वाटणारे हे, आणि रात्री उशाला फायली. माझा राग एवढा पटकन कधीच गेला नव्हता. मला त्यांची कीव आली असं नाही. मला ते एकदम आमच्यातले वाटले, देवळातल्या ओवरीतले.

आक्का मात्र आक्काच. तिनं त्यांच्या बायकोला वरून खालपर्यंत बघितलं, शेणाची पाटी पायानं पुढं सरकवली आणि म्हणाली, "सारवता येतं का?"

बाईनं नवऱ्याकडं बघितलं. सदाशिव पेठेत फरशी. तिनं आयुष्यात शेणाला हात लावला नसावा. तरी ती म्हणाली, "येईल."

"दाव बरं. मी म्हशीला पानी दावून येते." आणि आक्का गेली.

ती बाई पाटीसमोर बसली. हात पुढं केला, मागं घेतला, पुन्हा पुढं केला. कारकून सायकलच्या घंटीकडं बघत उभे होते. हे मला म्हणाले, "चल, गाडी खोळंबली आहे." मी चालायला लागले, गाडीपर्यंत गेले, आणि परत आले.

बाळ मी तिच्या मांडीवर दिलं. "धरा हिला जरा," म्हटलं, आणि पदर खोचला. दाराशी हातभर जागा, जिथं दोन वर्षांपूर्वी सारवली होती तिथंच. तिला म्हटलं, "बघून ठेवा. शेण पातळ करायचं नाही. मनगट ढिलं सोडायचं. उद्यापासून तुम्हालाच करायचंय." ती माझ्या हाताकडं अशी बघत होती की जणू मी तिला बाराखडी शिकवत होते. माझी लेक तिच्या मंगळसूत्राशी खेळत होती.

म्हशीची घंटा वाजली तशी मी उठले आणि शेणानं माखलेला हात पाठीमागं लपवला. आक्का आली. वाकली. जमीन बघितली, बोटानं दाबून बघितली. मग त्या बाईचे स्वच्छ पांढरे हात बघितले, तिच्या मांडीवरचं माझं बाळ बघितलं, आणि शेवटी माझ्याकडं बघितलं. मी छपराकडं बघत होते.

"हीबी डावरीच हाय व्हय?" आक्का म्हणाली.

कारकुनांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"बरं झालं. मला आता उलट्या सारवनाचीच सवं झालीय." तिनं त्यांची ट्रंक स्वतः सायकलवरून सोडवली. "या आत. त्या कोपऱ्यात गळतंय, तितं पातेलं ठिवा." आणि मग माझ्याकडं वळून, आवाज जरा जास्तच चढवून, "आन् तू हात धू की, बैलं कवाची हुबी हायती."